व्हिडिओ नेमका कुठे थांबवायचा? शिक्षकांच्या डिजिटल प्रशिक्षणाविषयी सोप्या शब्दांत

उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते, तेव्हा विदर्भातल्या शाळा अजून बंदच असतात. ऊन उतरेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस जातात आणि मग आमच्याकडे वर्ग भरतात. या मधल्या दिवसांत नागपूर जिल्ह्यातला शिक्षक मात्र मोकळा नसतो. एखाद्या सभागृहात कूलरच्या घरघरीत त्याचे प्रशिक्षण चालू असते, नाही तर घरी मोबाईलवर एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करणे चालू असते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून दिली जाईल, आणि त्यासाठी शिक्षकांची तयारी ‘निष्ठा’ या प्रशिक्षणातून व व्हिडिओ साहित्यातून होईल. ही बातमी आल्यापासून माझ्या ओळखीतले पालक एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. एकाने तर सरळच विचारले, “सर, मोबाईल तर तुम्हाले येतेच ना जी, मग त्याचं ट्रेनिंग काऊन घ्या लागते?”

प्रश्न भाबडा वाटला तरी रास्त आहे. सरकारी पत्रकांत त्याचे उत्तर सापडत नाही, कारण तिथे ‘क्षमता-संवर्धन’, ‘डिजिटल सक्षमीकरण’ असे शब्द इतक्या वेळा येतात की त्यामागे नेमके काय घडायचे आहे हे दिसेनासे होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे आणि पुढे काही वर्षे तालुका पातळीवरच्या प्रशिक्षणांत सुलभक, म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक, म्हणून उभा राहिलो आहे. त्या दोन्ही बाजूंनी पाहून हे लिहीत आहे.

ऑनलाइन वर्गसाधन म्हणजे काय?

वर्गात शिकवताना वापरता येईल अशी, इंटरनेटवरून मिळणारी कोणतीही गोष्ट म्हणजे ऑनलाइन वर्गसाधन. त्यात पाच मिनिटांचा व्हिडिओ येतो, प्रश्नमंजुषा येते, वाचायचा उतारा येतो, आणि संगणकावरचा आभासी प्रयोगही येतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत चौकोनी ठिपक्यांचे जे क्यूआर कोड छापलेले असतात, ते मोबाईलने टिपले की ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरचे त्या पाठाचे साहित्य उघडते. हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी सुरू झाला. विज्ञानासाठी ‘फेट’ नावाचे आभासी प्रयोग आहेत. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे कार्ल वायमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातले बरेच प्रयोग आज मराठीतही पाहता येतात. बॅटरी, तार आणि बल्ब पडद्यावर बोटाने जोडून मूल विजेचे मंडल पुरे करते. चुकीचे जोडले तर बल्ब पेटत नाही, आणि खरी बॅटरी वायाही जात नाही.

थोडक्यात, साधनांचा दुष्काळ नाही. एका पाठासाठी शोधायला बसले तर पंचवीस व्हिडिओ सापडतात आणि शिक्षकाची अडचण तिथूनच सुरू होते.

बटण येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा आहेत. आता बहुतेक बागांत ठिबक सिंचन आहे. कॉक फिरवला की प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाणी पोचते. कॉक फिरवायला दहा वर्षांचे पोरही शिकते. पण मृग बहार धरायचा असेल तर भर उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडावे लागते. याला ताण देणे म्हणतात. ताण बसल्यावर, पावसाच्या तोंडावर झाड फुलोऱ्यावर येते. पाणी किती दिवस तोडायचे हे जमीन हलकी आहे की भारी, झाडाचे वय किती, पाने कितपत मलूल झाली, यावर ठरते. बागायतदाराची खरी विद्या ही आहे आणि ती कॉकच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

वर्गातल्या व्हिडिओचेही असेच आहे. तो लावता येणे म्हणजे कॉक फिरवता येणे. तो कोणत्या पाठाला लावायचा, कोणत्या मिनिटाला थांबवायचा, थांबवून मुलांना काय विचारायचे आणि कोणत्या पाठाला मुळीच लावायचा नाही, हे बागायतदाराचे ज्ञान झाले.

शिक्षणशास्त्रात या ज्ञानाला नाव आहे. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ मध्ये दाखवून दिले की विषय येणे आणि तो विषय शिकवता येणे या दोहोंच्या मध्ये आणखी एक ज्ञान असते. उदाहरणार्थ, एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान असतो हे गणित आलेल्या कोणालाही ठाऊक असते. पण चौथीतले मूल चार हा तीनपेक्षा मोठा म्हणून एक चतुर्थांशही मोठा मानते, हे अनुभवी शिक्षकालाच आधीपासून माहीत असते. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी या मांडणीत तंत्रज्ञानाची भर घातली आणि तिला ‘टीपॅक’ हे संक्षिप्त नाव मिळाले. विषय, शिकवण्याची रीत आणि तंत्र ही तीन वर्तुळे जिथे एकमेकांवर चढतात, तो मधला तुकडा म्हणजे टीपॅक. हा शब्द पुढे मी वापरणार नाही, पण प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत तो भेटला तर घाबरून जाऊ नये.

आपली बहुतेक प्रशिक्षणे तिसऱ्या, म्हणजे तंत्राच्या वर्तुळातच फिरत राहतात. अॅप कसे उतरवायचे, लॉगिन कसे करायचे, लिंक कशी पाठवायची, यातच दिवस जातो. हा दोष मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. एका उन्हाळ्यात साठेक शिक्षकांसमोर मी तीन तास एकच अॅप उघडून दाखवत होतो. निम्म्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईना, उरलेल्यांचे मोबाईल ‘जागा अपुरी’ म्हणू लागले, आणि अखेर सर्वांचे अॅप उघडले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. डबा उघडता उघडता एका बाईंनी विचारले, “सर, हे उघडलं ते ठीक आहे, पण उद्या सातवीच्या वर्गात मी नेमकं काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हते. सत्राच्या वेळापत्रकातही त्या प्रश्नाला जागा नव्हती.

एकच व्हिडिओ, दोन तासिका

उत्तर मला पुढे एका वर्गातच मिळाले. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. तिथे लोकवर्गणीतून आणलेला टीव्ही आहे आणि पोषण आहारासाठी लावलेली परसबाग आहे. विषय होता वनस्पतींची मुळे, म्हणजे सोटमूळ आणि तंतुमूळ. सोटमूळ म्हणजे जमिनीत सरळ खाली जाणारे एक जाड मूळ आणि त्याला फुटलेली उपमुळे. तंतुमूळ म्हणजे खोडाच्या बुडाशी सारख्याच जाडीच्या तंतूंचा झुबका.

पहिल्या दिवशी बाईंनी व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावला. व्हिडिओ छान होता, निवेदन स्पष्ट होते, मागे मंद संगीतही होते. संपल्यावर त्यांनी विचारले, “समजलं का?” वर्ग एका सुरात म्हणाला, “होऽऽ!” मग त्यांनी गवताच्या मुळाचे चित्र काढायला सांगितले. बऱ्याच मुलांनी जाड, सरळ, खाली टोकदार असे मूळ काढले, कारण व्हिडिओत सर्वांत मोठे आणि रंगीत चित्र मुळ्याचे होते आणि डोळ्यांसमोर तेच राहिले होते.

दोन दिवसांनी बाईंनी तोच धडा पुन्हा घेतला. आधी मुलांना परसबागेत नेले आणि गटागटाने एकेक रोप मुळासकट उपटून, माती झटकून आणायला सांगितले. कोणी गवत आणले, कोणी मेथी आणली, आणि एका गटाने कोथिंबीर आणली. मग व्हिडिओ लावला आणि एक मिनीट वीस सेकंदांनी, निवेदक ‘आता आपण मुळांचे प्रकार पाहू’ असे म्हणताच, थांबवला. “निवेदक काय सांगणार ते आपण आधी सांगू. तुमच्या हातातल्या मुळांचे दोन ढीग करायचे. कसे करायचे ते तुम्ही ठरवा.” पाच-सात मिनिटे वर्गात नुसता कालवा होता. एका मुलाने लांब आणि आखूड असे ढीग केले, एकीने मऊ आणि कडक असे केले. एक गट कोथिंबिरीपाशी अडला, कारण तिचे मूळ बारीक होते पण होते एकच. मग व्हिडिओ पुढे सुरू झाला आणि निवेदकाने दोन प्रकार सांगताच कोथिंबीरवाला मुलगा ओरडला, “मॅडम, सांबाराचं सोटमूळ आहे!”

नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. व्हिडिओतला निवेदक ‘कोथिंबीर’ म्हणाला होता आणि त्या शब्दापाशी दोन मुले गोंधळली होती. बाईंनी पुन्हा एकदा थांबवून फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. पुण्यात किंवा मुंबईत तयार झालेला व्हिडिओ हे काम करू शकत नाही. रामटेकच्या पलीकडे, पेंचच्या जंगलाकडे गेलो तर काही मुलांची घरची भाषा गोंडी असते. तिथे थांबण्याच्या जागा आणखी वाढतात.

थांबवल्याने असा काय फरक पडतो?

फरक पडण्याची कारणे मेंदूच्या घडणीत आहेत. स्वयंपाकघरातले फडताळ कितीही मोठे असले तरी ओट्यावर एका वेळी चार-दोनच भांडी मावतात. माणसाच्या स्मरणाचेही तसेच आहे. कायमच्या आठवणींचे फडताळ प्रचंड असते, पण नवी माहिती हाताळायचा ओटा अरुंद असतो. जॉन स्वेलर या मानसशास्त्रज्ञाने १९८८ पासून या ओट्यावर पडणाऱ्या भाराचा अभ्यास मांडला. व्हिडिओत चित्र हलत असते, निवेदन चालू असते, अक्षरे येत-जात असतात आणि संगीत वाजत असते. मूल एक भांडे उचलून ठेवायच्या आत दुसरे चार येऊन पडतात. थांबणे म्हणजे ओटा आवरायला दिलेला वेळ.

दुसरे कारण आठवण्याशी जोडलेले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला आठवावे काहीच लागत नाही, म्हणून तो वर्गातला सर्वांत फुकट जाणारा प्रश्न आहे असे माझे मत झाले आहे. मी स्वतः तो हजारो वेळा विचारला आहे.

लांबीचाही मुद्दा आहे. ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या आतच ढळतात असे दिसले. ती स्वखुशीने शिकायला आलेली मोठी माणसे होती. दुपारच्या तासिकेला, पोषण आहाराची खिचडी खाऊन बसलेल्या सातवीच्या मुलांकडून जास्त अपेक्षा ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रशिक्षण कुठे गळते?

हे सगळे माहीत असूनही प्रशिक्षणात का येत नाही, याचे उत्तर प्रशिक्षणाच्या रचनेत आहे. महाराष्ट्रात लाखो शिक्षक आहेत. प्रत्येकाला तज्ज्ञ माणूस भेटणे शक्य नाही, म्हणून राज्य पातळीवर काही जणांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यात शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला आणि तालुक्याने केंद्राला, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटाला, अशी उतरंड असते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की चौथ्या प्रतीवर अक्षरांची कड पुसट होते, आकडे तेवढे वाचता येतात. प्रशिक्षणातही तसेच होते. अॅप उघडायच्या पायऱ्या खालपर्यंत नीट पोचतात, कारण त्या आकड्यांसारख्या असतात. कुठे थांबायचे ही बारीक गोष्ट मात्र दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीतच पुसली जाते.

उतरंड टाळण्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षणाचा मार्ग निघाला. ‘निष्ठा’ ऑगस्ट २०१९ मध्ये देशातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी प्रत्यक्ष वर्गांनी सुरू झाली. कोविडमुळे ऑक्टोबर २०२० पासून ती १८ घटकांच्या रूपात ‘दीक्षा’वर आली. याचा मोठा फायदा असा की दिल्लीत तयार झालेला मजकूर भिवापूरच्या शिक्षकापर्यंत मूळ प्रतीतच पोचतो. तोटा असा की समोर कोणी नसते. व्हिडिओ चालू ठेवून दुसरे काम करणे, मग ‘पुढे’, ‘पुढे’ दाबत जाणे आणि उत्तरे गटावर विचारून प्रमाणपत्र उतरवून घेणे हे प्रकार होतात. ते शिक्षकही मान्य करतात, फक्त माझ्यासारखे लिहून ठेवत नाहीत. यात एक उपरोध आहे. जो व्हिडिओ वर्गात न थांबवता लावू नये असे शिकवायचे आहे, तोच शिक्षकाला न थांबवता दाखवला जातो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. तास मोजणे सोपे असते, म्हणून तास मोजले जातात. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० पासून सांगितले आहे की शिक्षकाने नवी पद्धत वर्गात खरोखर उचलावी असे वाटत असेल तर तत्त्व सांगणे आणि नमुना दाखवणे एवढ्याने भागत नाही; सहकाऱ्यांसमोर सराव, त्यावर मोकळा अभिप्राय आणि पुढे प्रत्यक्ष वर्गात कोणाची तरी सोबत लागते. स्कूटी शिकवणारा मनुष्य पहिले काही दिवस मागे बसतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

आपल्याकडे या सोबतीसाठी लागणारी यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. प्रत्येक केंद्रात शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, केंद्रप्रमुख असतात, गटसाधन केंद्रात विषयतज्ज्ञ असतात. परिषदेतला निम्मा वेळ सूचना वाचण्यात आणि माहितीचे तक्ते मागण्यात जातो. तो वाचवून दोन शिक्षकांनी आपापल्या पुढच्या आठवड्याचा एकेक पाठ घ्यावा, त्याचा व्हिडिओ सर्वांसमोर लावावा आणि जिथे थांबायचे वाटेल तिथे कोणीही हात वर करावा. आम्ही एकदा हे करून पाहिले. चार मिनिटांच्या व्हिडिओवर पाऊण तास वाद झाला. अपूर्णांकांच्या एका व्हिडिओत भाकरीचे तुकडे असमान कापलेले दाखवले आहेत हे तो दोन वर्षे वापरणाऱ्या शिक्षकाच्या त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. तो शिक्षक म्हणजे मीच.

“आमच्या शाळेत नेट नाही, लाइनचा भरोसा नाही”

हा आक्षेप खरा आहे आणि शहरात बसून तो उडवून लावणे बरे नव्हे. मात्र ‘ऑनलाइन साधन’ याचा अर्थ वर्गात त्या क्षणी नेट हवेच असा होत नाही. ‘दीक्षा’ अॅपवरचे साहित्य आधी उतरवून ठेवले तर नंतर नेटशिवाय चालते. नेट असलेल्या ठिकाणी आठवड्याचे तीन व्हिडिओ उतरवून घेणे हा सवयीचा भाग आहे. टीव्ही नसेल तर मोबाईलचा पडदा चाळीस मुलांना दिसत नाही हे खरे, पण आठ-आठच्या गटाने पाळीपाळीने बघता येतो आणि बाकीचे गट त्या वेळी मुळे वेगळी करत बसू शकतात. आवाजासाठी छोटा स्पीकर लागतो. प्रशिक्षणात या जुळवाजुळवीचा सराव करून घ्यायला हवा आणि तोही वीज बंद ठेवून. पंचतारांकित व्यवस्थेत शिकलेली गोष्ट कौलारू वर्गात टिकत नाही.

“वेळ कुठे आहे?”

शिक्षकांचा हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपू नये. प्रत्यक्षात पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांची आधार पडताळणी, या ना त्या पोर्टलवरची माहिती, हे सर्व मोबाईलवरच भरावे लागते. शिक्षकाच्या मनात ‘ऑनलाइन’ या शब्दाची सांगड शिकवण्याशी न पडता माहिती भरण्याशी पडली, याचे मूळ इथे आहे. त्याच्या मोबाईलची जागा आणि डेटा त्यातच संपतो.

तासिकेचे गणितही मांडून पाहू. पस्तीस मिनिटांत टीव्ही जोडायला पाच मिनिटे गेली, व्हिडिओ पाच मिनिटांचा असला आणि थांबून केलेल्या कृतीला पंधरा मिनिटे दिली, तर फळ्यासाठी दहा उरतात. रोज हे जमणार नाही आणि रोज करूही नये. एका पाठ्यघटकाला एखादा व्हिडिओ पुरेसा आहे, आणि तोही जिथे खरी वस्तू वर्गात आणता येत नाही तिथे: हृदयाचे ठोके, ज्वालामुखी, पृथ्वीचे फिरणे. मुळे दाखवायला तर परसबाग होतीच. तो व्हिडिओ बाईंनी वगळला असता तरी धडा बिघडला नसता, हे त्यांनीच मला सांगितले.

“मुले आधीच मोबाईलच्या नादी लागली आहेत”

पालकांची ही भीती आकड्यांतही दिसते. ‘असर २०२४’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी सांगितले. पण वर्गातल्या वापरात पडदा एकच असतो, तो शिक्षकाच्या हातात असतो आणि तो सारखा थांबवला जातो. घरी एकट्याने, न थांबता, एकामागून एक येणाऱ्या चित्रफितींहून हा अनुभव वेगळा आहे. गृहपाठाची लिंक रात्री नऊला पालकांच्या गटावर टाकणे हा मात्र मला चुकीचा प्रघात वाटतो, कारण घरात मोबाईल एकच असेल तर तो वडिलांबरोबर एमआयडीसीत रात्रपाळीला गेलेला असतो.

“मग शिक्षकाला वगळूनच का देऊ नये?”

टॅब्लेट थेट मुलांना द्या, उत्तम शिक्षकाचा व्हिडिओ त्यात भरा, म्हणजे प्रशिक्षणाची कटकटच नको, असे म्हणणारे बरेच आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे त्यांना नवा जोर आला आहे. हा प्रयोग होऊन गेला आहे. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात आठवीच्या वर्गांत गणित व विज्ञानाचे छोटे व्हिडिओ शिक्षकांच्या हाती दिले गेले; त्यांना ते शिकवण्यात गुंफायला सांगितले आणि काही महिन्यांतच मुलांचे गुण लक्षणीय वाढले. त्याच धर्तीचे साहित्य टॅब्लेटमधून, शिक्षकाला बाजूला ठेवून सहावीच्या मुलांना थेट दिले, तेव्हा गुण वाढण्याऐवजी घटले. पेरूमध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेखाली ग्रामीण शाळांना संगणक दिले गेले. ३१९ शाळांच्या अभ्यासाचा २०१२ मध्ये निष्कर्ष आला की गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर, मुलाची पातळी ओळखून त्याला साजेसे प्रश्न देणाऱ्या एका संगणक-कार्यक्रमाने गणित आणि हिंदीत चांगली वाढ दाखवली. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे यंत्र निरुपयोगी नाही. सातवीत बसलेल्या पण तिसरीच्या पातळीवर अडलेल्या मुलाला हवा तेवढा सराव देणे त्याला जमते आणि चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला ते अवघड जाते. त्या केंद्रांवरही मुलांच्या छोट्या गटाला बघणारा माणूस होता, हे मात्र जाहिरातीत येत नाही.

फोटो, परवानगी आणि हक्क

दोन गोष्टी प्रशिक्षणात हमखास राहून जातात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे अठराच्या आतली व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. एखाद्या नव्या मोफत अॅपवर चाळीस मुलांची नावे, जन्मतारखा आणि फोटो चढवण्याआधी शिक्षकाने थबकायला हवे. दुसरी गोष्ट स्वामित्वहक्काची: १९५७ च्या कायद्यातले ५२ वे कलम अध्यापनाच्या ओघात साहित्य वापरायला मुभा देते, पण तोच उतारा आपल्या नावाने यूट्यूबवर चढवायला देत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे कर्त्याने वापराला आधीच दिलेल्या, परवान्याची खूण असलेले साहित्य, त्यातल्या अटी पाळून, निर्धास्त वापरता येते.

पालकांनी काय विचारावे?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ‘आपल्या शाळेत किती स्मार्ट टीव्ही आहेत’ हा प्रश्न नेहमी येतो. त्याऐवजी मागच्या महिन्यात टीव्ही कोणत्या पाठाला लावला आणि मुलांनी त्यानंतर काय केले, हे विचारता येईल. ‘सरांचे प्रशिक्षण झाले का’ याऐवजी, प्रशिक्षणानंतर कोणी वर्गात बसून पाहिले का, हे विचारता येईल. कोणी बसले नसेल तर त्यात शिक्षकाचा दोष कमी आणि रचनेचा जास्त असतो. तेवढे ध्यानात ठेवूनच प्रश्न विचारावा, नाही तर उद्या आणखी एक नोंदवही वाढेल.

मुळांचा धडा घेणाऱ्या बाईंची पाठटाचणाची वही मी त्या दिवशी मागून घेतली होती. बाकी पानांवर उद्दिष्टे, साहित्य, मूल्यमापन असे छापील रकाने नीट भरले होते. त्या पानावर मात्र समासात पेन्सिलीने लिहिले होते: ‘१:२० ला थांबणे. मुळे हातात हवीत. ३:०५ ला पुन्हा. सांबार = कोथिंबीर.’ त्याखाली दुसऱ्या शाईत एक ओळ होती: ‘पुढच्या वर्षी व्हिडिओ नंतर लावणे.’